बहिऱ्या उपग्रहाचा परब

आमच्या सोसायटीतला परब कडकडीत उन्हात छत्री उघडतो. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण तो दिवसभर उघडत नाही. नाहूर स्टेशनवरून निवांत चालत येईल, मध्येच मोबाईल बघेल, दचकून छत्री उघडेल, तोंड लपवून दहाएक मिनिटं भिंतीला टेकून उभा राहील आणि मग छत्री मिटून चालू लागेल. पहिल्यांदा मला वाटलं, एखाद्या सावकाराला टाळतोय. एकदा मी सरळ विचारलं, "कोणापासून लपतोस रे?"

त्यानं बोट वर केलं. "तो जातोय."

"कोण तो?"

"उपग्रह. मी बहिरा केला ना, तो."

परब अंधेरीला एका छोट्या कंपनीत उपग्रहांचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे लिहायचा. सोसायटीत हे कोणाला नीट कळलेलं नव्हतं. त्याची आई सगळ्यांना सांगायची, "माजो झील डिशवाल्याकडे आसा." त्यामुळे कोणाची मालिका ऐन रंगात बंद पडली की परबला बोलावणं जायचं. तो बिचारा जाऊन वायरी हलवून द्यायचा. कोणी आभार मानले की म्हणायचा, "हार्डवेअर झकास आहे. सॉफ्टवेअरवाला कोणीतरी माझ्यासारखा असणार." सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हाही, आत आम्ही घामाघूम झालेलो असताना, तो हेच म्हणाला.

त्याचं पाप त्याच्याच तोंडून ऐकावं. ते तो कोणालाही सांगतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. बॅटरी उतरली की उपग्रहानं बिनकामाच्या गोष्टी आपोआप बंद करायच्या, असं यानं लिहिलं होतं. त्यात चुकून रेडिओचा ऐकणारा भागही गेला. वर गेल्यावर पहिल्यांदा बॅटरी उतरली आणि उपग्रहानं शहाण्या बाळासारखं सांगितलेलं सगळं केलं. नंतर बॅटरी भरली, पण 'कान उघड' हा हुकूम त्याला ऐकू कसा जाणार? लॅचचं दार ओढून घेतलं आणि किल्ली आत राहिली, तसलाच प्रकार. तेव्हापासून तो बोलतो, पण ऐकत नाही.

"पण मग आधी तपासलं नव्हतं का?" मी विचारलं.

"तपासलं ना! शंभर वेळा तपासलं. पण टेबलावर असताना त्याला वायर जोडलेली होती यार. कान बंद झाले तरी आमचे हुकूम वायरमधून जात होते. वायर काढून बघायचं कोणाला सुचलं नाही. म्हणजे मला सुचलं नाही. बाकीच्यांचा संबंध नाही."

त्या दिवसापासून परबनं स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. साहेब म्हणतात लिही, हा म्हणतो माझी लायकी नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतो आणि प्रत्येकाला विचारतो, "वायर काढून बघितलंस?" हे वाक्य त्याच्या इतकं तोंडात बसलंय की घरीदारीही तेच. माझा मुलगा शाळेतलं भाषण पाठ करत होता आणि तो अडला की बायको शब्द पुरवत होती. परब दारातून म्हणाला, "वहिनी, वायर काढून बघा." आम्ही हसलो. मुलगा स्टेजवर दुसऱ्याच वाक्याला अडकला आणि आईकडे बघत उभा राहिला.

आता माझी फजिती सांगतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. आपल्याकडे अंतराळातला माणूस राहतो आणि लोक त्याला डिशवाला समजतात, हे मला खुपायचं. म्हणून झेंडावंदनाला मी त्याचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, खुर्च्या, सगळं. चेअरमन कामतकाका 'आपल्या नाहूरचे शास्त्रज्ञ' वगैरे बोलले. परब उठला, शाल अंगावर असतानाच म्हणाला, "मी सत्कार घेण्यासारखं काही केलेलं नाही. पुष्कळ माणसांनी मेहनतीनं बनवलेला उपग्रह मी बहिरा केला. शाल परत करतो." लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग अर्थ कळला तशा एकेक करत थांबल्या. माईक माझ्या हातातच होता. कुठे तोंड लपवू असं मला झालं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला. नारळ मात्र त्याच्या आईनं परत दिला नाही. "सोलकढी करूक होयो," म्हणाली.

त्या सत्काराचा एक वाईट परिणाम झाला. परब गच्चीची किल्ली नेतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. आता तो तिथे काहीतरी बिघडवत असणार, अशी कुजबुज सुरू झाली. तो काठीला पत्र्याच्या पट्ट्या लावलेला अँटेना घेऊन वर जातो, हे कोणीतरी पाहिलं. त्या किरणांनी डोकं दुखतं, अशी कामतकाकांकडे तक्रार आली. कमिटी बसली आणि ठरलं की परबला गच्चीची किल्ली द्यायची नाही. सांगायचं कोणी? सेक्रेटरीनं.

रविवारी सकाळी मी वर गेलो. परब एका हातात अँटेना आणि दुसऱ्या हातात उघडी छत्री घेऊन, तोंड झाकून, अँटेनानं आकाशात काहीतरी हळूहळू शोधत होता. पायाशी छोटा रेडिओ खरखरत होता. हसू दाबत मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यानं मान हलवून गप्प केलं. खरखरीतून बारीक टिट-टिट यायला लागलं.

"काय म्हणतोय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बॅटरी ठीक आहे म्हणतोय. तापमान ठीक आहे म्हणतोय. रोज हेच सांगतो." मग रेडिओकडे वाकून हळूच म्हणाला, "हां रे. कळलं."

"त्याला ऐकू येत नाही ना?"

"मला येतं ना. तो आपणहून सांगतोय, तर हूं तरी म्हणायला नको?"

ऑफिसचा मोठा अँटेना आता नवीन उपग्रहांच्या कामात असतो. या बहिऱ्याचं कोणी ऐकत नाही. आणि तो उंची सोडत खाली येतोय, थोड्याच दिवसांत हवेत शिरून जळून जाईल, असं परबनं सांगितलं. "कोणाच्या डोक्यावर पडणार नाही, काकांना सांग. फक्त तोवर मला किल्ली दे. तो बोलतोय आणि खाली कोणीच नाही, असं नको व्हायला."

मी कमिटीचा निर्णय सांगायला आलो होतो, याची मला इतकी लाज वाटली की गच्चीच्या दाराला लावलेली किल्ली काढून त्याच्या खिशात टाकून मी खाली आलो. कामतकाकांना म्हटलं, डोकं दुखलं तर मला फोन करा. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मग रविवारी मीही वर जाऊ लागलो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण टिट-टिट आलं की बरं वाटायचं. परवाच्या रविवारी आम्ही उभे होतो. नुसती खरखर.

"अँटेना बरोबर धरलायस ना?"

"बरोबर आहे."

वेळ निघून गेली. आम्ही पुढच्या फेरीपर्यंत थांबलो. तेव्हाही खरखरच. परबनं रेडिओ बंद केला, वायर नीट गुंडाळली आणि मला म्हणाला, "घरी चल."

घरात त्याची आई बांगड्यांना मसाला लावत होती. परब थेट न्हाणीघरात गेला. सकाळी एकदा आंघोळ झालेली असताना पाण्याचा आवाज ऐकून काकूंचा हात थांबला. तो डोक्यावरून न्हाऊन बाहेर आला तसं त्यांनी विचारलं, "कोण गेलो रे?"

"ऑफिसातलो एक."

"म्हातारो?"

"नाय गे. ल्हान होतो."

काकूंनी गॅस बंद केला. बांगड्यांवर झाकण घालून भांडं फ्रिजमध्ये ठेवलं आणि डाळीचा डबा खाली काढला. "आवस-बापूस आसत त्याचे?"

परब डोकं पुसत होता. टॉवेल तोंडावरच राहिला.

"बापूस आसा," तो आतून म्हणाला.

काकू माझ्याकडे वळल्या. "तुमी जावन बसा हां त्येच्याकडे. एकट्याक सोडू नुकात."

"बसतो," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून परबच्या शेजारी बसलो.