वजन तंतोतंत भरले

दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी सुट्ट्यांच्या महासेलमध्ये मोबाइल मागवला आणि त्यांना भांडी घासायचा साबण मिळाला, ही घटना इमारतीच्या कार्यकारिणीने अत्यंत गांभीर्याने घेतली. त्याच संध्याकाळी गच्चीवर तातडीची सभा झाली. साबण सर्वांच्या पाहणीसाठी टेबलावर ठेवण्यात आला. तो साबणच आहे यावर सभेचे एकमत झाले आणि सेक्रेटरींनी तसा ठराव लिहून घेतला.

यापुढे इमारतीत येणारे प्रत्येक पार्सल तपासूनच आत घ्यावे, असेही ठरले. तपासणार कोण, हा प्रश्न निघताच सगळ्यांच्या माना तळमजल्याच्या तराजूकाकांकडे वळल्या. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. दुकानदारांची खोटी वजने पकडण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि निरोपाच्या दिवशी कचेरीने त्यांना घड्याळाऐवजी शिक्का मारलेला काटा भेट दिला होता. घरातली साखर आणि स्वतः काका यांच्याखेरीज त्या काट्यावर चढायला आता कोणी उरले नव्हते. त्यामुळे खरेदी सुरक्षा अधिकारी हे पद त्यांनी घरी न विचारता जागेवरच स्वीकारले.

घरी म्हणजे काकूंना. काकूंनी नेमकी त्याच सकाळी एक खुर्ची मागवली होती, बटण दाबले की पाठ मागे जाते आणि पाय आपोआप वर येतात अशी. गुडघे हे सांगायचे कारण. खरे कारण त्यांची धाकटी बहीण, जी सुट्टीत राहायला येणार होती. तिच्याकडे अशी खुर्ची आधीपासून होती आणि तीत पसरून काढलेले स्वतःचे फोटो ती ताईला नेमाने पाठवत असे. त्याहून खरे एक कारण होते, पण ते काकूंनी कोणालाच सांगितले नव्हते. लग्न झाल्यापासून घरात आलेली प्रत्येक वस्तू काकांनी उलटीपालटी करून, दुकानदाराला घाम फोडून, मगच उंबरठ्याच्या आत घेतली होती. काकूंनी स्वतःच्या मनाने घेतलेली ही पहिलीच. बहीण येण्याआधी ती घरात यावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

काकांनी नियमावली एका बैठकीत लिहून काढली. पार्सल आणणाऱ्याकडे फोटोचे ओळखपत्र असावे, आणि ते ओळखपत्र खरे असल्याचे दुसरे ओळखपत्रही असावे. पार्सलचे सील शाबूत असावे. पार्सलचे वजन जाहिरातीत दिलेल्या वजनाशी तंतोतंत जुळावे, कारण माणूस खोटे बोलतो, काटा बोलत नाही. ओटीपी कोणालाही तोंडी सांगू नये. या ‘तोंडी’खाली काकांनी दोन रेघा मारल्या. बाहेरच्यांनी माहीत नव्हते अशी सबब सांगू नये, म्हणून ही नियमावली फाटकावर तर लावलीच, शिवाय कोणालाही वाचता येईल अशी, खाली स्वतःचा फोन नंबर देऊन, इंटरनेटवरही टाकली. फाटकाशी टेबल, टेबलाशेजारी काटा आणि काट्यामागे इस्त्रीचा शर्ट घातलेले काका, अशी व्यवस्था दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

काकूंची खुर्ची घेऊन आलेला पार्सलवाला पन्नाशीचा होता. खोका पाठीवर, शर्ट पाठीला चिकटलेला. काकांनी त्याला पाणी दिले, कारण नियमावलीत पाण्याला बंदी नव्हती, आणि मग चौकशीला सुरुवात केली.

“यात खुर्ची आहे, हे कशावरून?”

“खोक्यावर चित्र आहे ना, साहेब.”

“चित्र कोणीही छापेल. आणि तुमच्या ओळखपत्राचं ओळखपत्र?”

ते त्याच्याकडे नव्हते. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होत्या. त्यांनी हाताने, डोळ्यांनी, शेवटी झाऱ्याने खुणा केल्या, पण अधिकारी कर्तव्यावर असताना घराकडे पाहत नसतो. खुर्ची परत गेली.

दोनच दिवसांत तो माणूस दोन्ही ओळखपत्रे घेऊन पुन्हा आला. काकांना मनापासून बरे वाटले. त्यांनी खोका काट्यावर चढवला, चष्मा पुसला आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला. वजन जास्त भरले.

“जाहिरातीत खुर्चीचं वजन दिलंय,” काका म्हणाले. “तुम्ही खुर्ची, खोका, थर्माकोल आणि चिकटपट्टी आणली आहे.”

“मग खोका काढतो, साहेब. नुसती खुर्ची तोला.”

“सील तोडलेलं पार्सल घेता येत नाही.”

पार्सलवाल्याने खोका पुन्हा पाठीवर घेतला आणि कंबर धरून निघून गेला. इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी अहवाल टाकला की सुरक्षा व्यवस्था सुरू झाल्यापासून एकाही रहिवाशाची फसवणूक झालेली नाही. एकही पार्सल आत आलेले नाही, हा तपशील जागेअभावी राहून गेला.

काकूंनी त्या रात्री एकच वाक्य उच्चारले.

“अहो, दुकानदार परवडले. त्यांच्याकडून निदान वस्तू तरी मिळायची.”

त्यानंतर त्यांनी बोलणे टाकले. चहा वेळेवर येत होता, पण कप टेबलावर जरा जोरात आदळत होता. काका वरवर खंबीर होते. आतून मात्र त्यांना फार वाईट वाटत होते. नियम चुकला असे त्यांना वाटणे शक्य नव्हते, पण बायकोचा उतरलेला चेहराही बघवत नव्हता. मेहुणी तर दोन दिवसांवर आली होती.

अशा मनःस्थितीत त्यांना तो फोन आला.

“महोदय,” पलीकडचा आवाज म्हणाला, “आपलं विषयांकित पार्सल सुरक्षाविषयक कारणास्तव परत आल्याचं निदर्शनास आलं आहे. त्या अनुषंगाने पुढील कार्यवाही करणं उचित राहील किंवा कसं, याबाबत आपले आदेश व्हावेत.”

काका बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी कोणी ‘त्या अनुषंगाने’ बोललेच नव्हते. मुलगा फोनवर ‘हं, बोला’ म्हणायचा, बँकेतली मुलगी ‘काका, नंतर या’ म्हणायची. आणि इथे एक अनोळखी सद्गृहस्थ त्यांचे आदेश मागत होता. त्याने नियमावली वाचली होती. ओळखपत्राच्या ओळखपत्राची कल्पना तर त्याच्या वरिष्ठांना इतकी आवडली होती, की तिचा नमुना इतरत्र पाठवण्याचे विचाराधीन होते. काकांचे डोळे भरून आले.

खुर्ची सुरक्षित मार्गाने पुन्हा पाठवता येईल, फक्त तिच्या किमतीएवढी अनामत भरावी लागेल आणि खुर्ची मिळताच ती परत होईल, असे त्याने सांगितले. फोनवर एक ओटीपी येईल, असेही सांगितले. इथे काका सावध झाले. ते कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“ओटीपी मी तोंडी सांगणार नाही,” ते करारी आवाजात म्हणाले.

“तोंडी सांगूच नये, महोदय,” आवाज तितक्याच करारीपणाने म्हणाला. “ते नियमबाह्य आहे. कृपया लेखी द्यावं.”

माणूस खरा असल्याची काकांची खात्री पटली. त्यांनी कोरा कागद घेतला, ओटीपी अंकी आणि अक्षरी लिहिला, खाली सही केली, अधिकारी म्हणून करून घेतलेला शिक्का उमटवला आणि कागदाचा फोटो काढून पाठवून दिला. पोच लगेच आली. काकूंना यातले काही सांगायचे नाही, खुर्ची दारात आली की त्यांना हाक मारायची, असे त्यांनी ठरवले. कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

मेहुणी सकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ पार्सलही आले. आणणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, त्या ओळखपत्राला दुसरे ओळखपत्र अडकवलेले होते, आणि काकांनी न मागताच त्याने तिसरेही काढून दाखवले. सील शाबूत. खोका काट्यावर चढला, काटा डुलला आणि थांबला. जाहिरातीत जेवढे, तेवढेच. उभ्या नोकरीत काकांनी इतके चोख वजन पाहिले नव्हते. त्यांनी आणणाऱ्याशी हस्तांदोलन केले आणि वॉचमनच्या मदतीने खोका हॉलमध्ये आणला.

“अगं, बाहेर ये,” त्यांनी हाक मारली. “तुझी खुर्ची आली.”

काकू बाहेर आल्या, पण चेहऱ्यावर आनंदापेक्षा गोंधळच जास्त होता. खोका उघडला. आत विटा होत्या. एकीला एक बिलगून, मध्ये कागद घालून, कोपरे न दुखवता रचलेल्या. शेवटच्या विटेचा एक टवका काळजीपूर्वक उडवलेला होता, बहुधा वजन बरोबर यावे म्हणून.

मेहुणीने बराच वेळ निरखून पाहिले. “भावोजी,” ती म्हणाली, “ही बांधायला गवंडी त्यांचा येतो, की आपला बघायचा?”

काका खाली बसले. बसायला विटाच होत्या. काकूंना आता हसू येत होते आणि नवऱ्याची कीवही येत होती. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि बहिणीला म्हणाल्या, “चल, तुला माझी खुर्ची दाखवते. तुम्हीही या हो.”

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, गरम कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे, ती खुर्ची ऐटीत उभी होती. दुसऱ्यांदा परत पाठवलेल्या पार्सलवाल्याने काकूंना फोन केला होता, की बाई, माझ्या कंबरेचा तरी विचार करा. काकूंनी त्याला लाँड्रीचा पत्ता दिला. त्यात विशेष काही नव्हते. पहिल्याच आठवड्यापासून सगळी इमारत आपली पार्सले तिथेच घेत होती. शेल्फवर दाताच्या डॉक्टरांचा नवा मोबाइल होता आणि त्याखाली सेक्रेटरींचे बूट. काकू खुर्चीत बसल्या, बटण दाबले, पाय वर आले. बहिणीने ताबडतोब फोटो काढला, आणि या वेळी तो ताईचा होता. काका दारात उभे राहून पाहत होते. खुर्चीचे वजन करावे असे त्यांच्या मनात आले, पण ते काही बोलले नाहीत. हे त्यांच्या आयुष्यातले मोठेच धैर्य म्हटले पाहिजे.

रात्री घरी काकूंनी विचारले, “त्या माणसावर विश्वास ठेवलात तरी कसा?”

काकांनी शिक्का खणात ठेवून दिला. “बोलायचा फार छान,” ते म्हणाले.

कार्यकारिणीने रीतसर चौकशी केली. ओळखपत्रे होती, सील होते, वजन तंतोतंत होते आणि ओटीपी तोंडी सांगितलेला नव्हता. सबब, फसवणूक झालेली नसून रहिवाशास विटा नियमानुसार प्राप्त झाल्या आहेत, असा निष्कर्ष निघाला. नियमावलीच्या सर्व अटी पूर्ण करणारी ही एकमेव कंपनी असल्याने यापुढे पार्सले तिच्याकडूनच घ्यावीत, अशी शिफारसही झाली. काकांचा सत्कार झाला. काटा आता विटांच्या ओट्यावर ठेवला आहे आणि पूर्वीपेक्षा स्थिर उभा राहतो.

तुम्हाला हसू आले असेल, तर ते साहजिकच आहे. मात्र इथवर येताना हे सगळे तुम्हाला कोण सांगतो आहे, याची चौकशी तुम्ही केल्याचे निदर्शनास आलेले नाही. ओळखपत्र पाहिले नाही, सील तपासले नाही, बोलणे बरे वाटले म्हणून शेवटपर्यंत आलात. आता आलाच आहात तर त्या अनुषंगाने एक छोटीशी विनंती. आपल्या फोनवर एवढ्यात एक ओटीपी येईल. तो कृपया कोणालाही तोंडी सांगू नये. कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.