विमलकाकूंचा व्हॉइस मेसेज

आमच्या शेजारच्या विमलकाकू व्हॉइस मेसेज पाठवण्याआधी डोक्यावरून पदर घेतात. घरात एकट्याच असतात, तरीही. मी एकदा हसले, तर म्हणाल्या, "हसतं काहून व? वार्डाच्या ग्रुपवर सारे मोठे लोक आहेत. चार माणसांत बोलाचं तं जरा रीत पाह्यजे."

रीत तेवढीच. एकदा पदर घेतला की त्या कुणाच्या बापाला ऐकत नाहीत.

आर्णीतल्या आमच्या वार्डाच्या या ग्रुपवर बायका पुष्कळ आहेत, पण नावापुरत्या. बोलतात ते पुरुष; म्हणजे सकाळी फुलं आणि देव पाठवतात. त्या फुलांत काकूंचा आवाज यायचा. नळाकडच्या गल्लीतला लाइट बंद आहे, पोरी शिकवणीवरून अंधारात येतात, तर त्याचं काय करून राह्यले? रोज तोच प्रश्न, आणि आधी रीतसर नमस्कार.

एकदा कुणीतरी लिहिलं, "काकू, पोळ्या करा." खाली हसणारे चेहरे धडाधड येऊन पडले. काकूंनी पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "पोळ्या झाल्या. आता लाइटाचं बोला."

त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं. अ‍ॅडमिन सुधाकरभाऊंचं हार्डवेअरचं दुकान आहे. काकू भांडल्या नाहीत. दुकानात गेल्या, स्टुलावर बसल्या आणि रोजचा मेसेज गिऱ्हाइकांना तोंडी ऐकवला. नमस्कारासकट. हे रोजचंच झालं, तेव्हा सुधाकरभाऊंनी हात जोडून त्यांना परत घेतलं. पुढे लाइटही लागला.

मला वाटलं, आता काकू गप्प बसतील.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. गल्लीच्या टोकाला नवीन सून आली आहे, रेश्मा. तिनं ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं, की नालीचं पाणी दारात येतं. कुणाचं उत्तर नाही. काकू कणीक मळत होत्या. पिठाच्या हातांनीच त्यांनी मोबाइल उचलला.

"रेश्मा, वाचलं व माय. येते मी पाह्याले."

मी म्हटलं, एवढी काय घाई, हात तरी धुवायचे.

काकू मोबाइलला लागलेलं पीठ पदरानं पुसू लागल्या.

"मी पयल्यांदा बोलली ना, तं कोणीच काही नाही बोललं. दिवसभर मोबाइल मांडीवर घेऊन बसली. मले वाटे, माहा आवाज गेलाच नाही."