बासष्ट गुणांचा बाक

चिमीचं प्रगतिपुस्तक साहेबांच्या चहाशेजारी आपटत बायको म्हणाली, "गणितात बासष्ट! बघा तुमच्या नियमाचे प्रताप."

नियम साहेबांचाच होता. ते शिक्षण कार्यालयातले अधिकारी. सरकारी शाळांत एका बाकावर एक हुशार आणि एक कच्चं मूल बसवायचं आणि दोघांना सरासरीचे गुण द्यायचे. म्हणजे हुशार पोर झक मारत शेजाऱ्याला शिकवील. कुणाचं मन दुखायला नको म्हणून ज्याचे त्याचे गुण घरी कळवायचे नाहीत. या योजनेवर साहेबांचा भारी जीव होता. सभेत तिच्याबद्दल ते तास तास बोलायचे.

"अगं, समाजाचं भलं..."

"ते आपल्याच पोरीच्या मानगुटीवर का? कुठल्याशा ढ पोराला ओढत बसलीय बिचारी. निवड परीक्षेला बसायला सत्तर लागतात, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. ती अटही साहेबांनीच घातली होती.

दोन दिवस घरात अबोला झाला. तिसऱ्या दिवशी साहेबांनी परिपत्रक काढलं : जोडीदारामुळे पाल्याचं नुकसान होत असल्यास पालकांनी बाक बदलून मागावा. स्वतःच्या मुलीसाठी नियम वाकवला असं कुणी म्हणू नये, म्हणून ते सगळ्यांना लागू केलं आणि दोघांच्या खऱ्या गुणांचा दाखला जोडायची अट घातली. अतिहुशारी अंगाशी येते ती अशी.

चिमीचा दाखला आणायला ते निघणार, तोच कार्यालयातला शिपाई कागद घेऊन अवघडून उभा राहिला.

"साहेब, पहिला अर्ज. माझाच आहे. तुम्ही सोय केलीत म्हणून धाडस झालं."

दाखल्यावर त्याच्या मुलाला एक्क्याण्णव होते, जोडीदाराला तेहतीस. साहेबांनी चष्मा पुसून जोडीदाराचं नाव पुन्हा वाचलं. चिमीच होती.

"पोरगी गुणी आहे हो," शिपाई घाईनं म्हणाला. "आधी अठराच पडायचे. आमचा रोज मधल्या सुट्टीत शिकवतो तिला. पण परीक्षा त्यालाही द्यायचीय ना."

साहेबांना मनापासून लाज वाटली. पाठोपाठ धास्तीही वाटली, कारण तो मुलगा बाकावरून उठला की चिमी पुन्हा अठरावर जाणार होती. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि शिपायाला खुर्ची दिली.

संध्याकाळी बायकोनं दारातच विचारलं, "सुटली का पोर त्या ढ कार्ट्याच्या तावडीतून?"

साहेबांनी दाखला पुढे केला. तिनं तो दोनदा वाचला.

"अर्ज मागे घ्या म्हणून त्याच्या वडिलांना हात जोडले," साहेब म्हणाले.

"मग? काय म्हणाले ते?"

"सहानुभूतीनं विचार करून कळवतो, म्हणाले."