हद्दीबाहेरचं ग्रहण

चंद्राला ग्रहण पौर्णिमेलाच लागतं, ही निसर्गाची शिस्त आहे. पौर्णिमेला रस्त्यावरचे दिवे बंद ठेवायचे, ही नगरपालिकेची शिस्त आहे. (आकाशात फुकटचा उजेड असताना खांबावर विकतचा लावणं ही जनतेच्या पैशाची नासाडी होय. नियम करणाऱ्यांच्या बंगल्यांपुढचे दिवे वेगळ्या तारेवर आहेत. तिथे पौर्णिमा लागू होत नाही.) दोन्ही शिस्ती आपापल्या जागी निर्दोष. पण येत्या खग्रास ग्रहणाला त्या एकत्र येणार आणि सव्वा तास गाव गुडुप होणार, हे एकाच माणसाच्या ध्यानात आलं. तिथूनच त्याचे ग्रह फिरले.

तो दिवाबत्ती खात्यात पर्यवेक्षक होता. आता ही गोष्ट त्याला अकलेमुळे सुचली असं नव्हे. खात्यात तशी सोय नाही. त्याची बायको दवाखान्यात नर्स. तिची ड्यूटी आठला सुटते, आणि दवाखाना ते घर या वाटेत पाणीपुरवठा खात्याचा खड्डा आहे. कंबरभर खोल. कठडा नाही. (कठडा बांधकाम खात्याने घालायचा. त्यांचं म्हणणं, आधी खड्डा रीतसर आमच्या ताब्यात द्या.)

"मोबाइलचा टॉर्च लाव की," तो म्हणाला.

"एका हातात डबा, दुसऱ्यात सासूबाईंची औषधं. टॉर्च काय दातांत धरू?" बायको म्हणाली. "अहो, खांबांच्या पेटीची किल्ली तुमच्या कमरेला. सोनं नाही आणलंत कधी, उजेड तरी आणा."

तो मुख्य साहेबांकडे गेला. साहेब सगळ्यांचं ऐकून घेतात, अशी त्यांची ख्याती आहे. त्यापुढची ख्याती नाही.

"पूर्वदाखला आहे का?" साहेब म्हणाले.

पूर्वदाखल्यासाठी त्याने मेहुण्याला गाठलं. मेहुणा शाळेत विज्ञान शिकवतो. "दाजी, ग्रहणांची घराणी असतात," मेहुणा म्हणाला. "अठरा वर्षं न् वर अकरा दिवस झाले की त्याच घराण्यातलं पुढचं हजर. नाकडोळे तेच."

हा आनंदाने साहेबांकडे धावला. पण त्या अकरा दिवसांवर आणखी आठ तास असतात. तेवढ्यात पृथ्वी एकतृतीयांश फिरते, त्यामुळे मागचं ग्रहण झालं तेव्हा इथे टळटळीत दुपार होती. ते दिसलं जगाच्या दुसऱ्या अंगाला.

"म्हणजे आपल्या हद्दीबाहेर," साहेब म्हणाले. "हद्दीबाहेरचा दाखला चालत नाही."

आठ त्रिक चोवीस. तीन पिढ्या मागे गेलं की पूर्ण दिवस भरतो आणि ग्रहण पुन्हा आपल्या हद्दीत येतं. म्हणून चौपन्न वर्षांपूर्वीचं दप्तर उपसलं. त्या संध्याकाळी या रस्त्यावर दिवे लागले नव्हते, कारण खांब नव्हते. खांब नव्हते, कारण रस्ता नव्हता. खड्डा होता.

यावर साहेबांनी काढलेला निष्कर्ष तर्कशास्त्राच्या पुस्तकात छापावा असा आहे: तेव्हा दिवे नव्हते आणि अपघाताची नोंदही नाही, सबब अपघात दिव्यांमुळे होतात. जाहीर सूचना निघाली, 'नागरिकांनी ग्रहणाचा आनंद घ्यावा. शक्यतो चालू नये.'

नागरिक आज्ञाधारक निघाले. ग्रहणाच्या संध्याकाळी सगळं गाव त्याच रस्त्यावर माना वर करून उभं. शेवटची कड विझली, चंद्र जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा झाला आणि खाली हाताला हात दिसेना. फोटोत चंद्र नीट बसेना म्हणून जो तो एकेक पाऊल मागे घेत होता. पर्यवेक्षक कोपऱ्यावरच्या पेटीपाशी उभा राहून बायकोला शोधत होता. दिसली नाही, ऐकू आली.

"अहो सरका, इथे खड्डा आहे."

"ताई, धक्का देऊ नका, फोटो हलतो."

"हात हलतोय तुमचा. मी पडले तर तोही काढा."

लोक हसले आणि आणखी एक पाऊल मागे आले. मग तिचा आवाज एकदम चिरकला, "अहो, ढकलू नका," आणि याने पूर्वदाखल्याची वाट न पाहता खटका वर केला.

सगळा रस्ता लख्ख. खड्ड्याभोवती माणसांचं कडं, तोंडं बाहेर, टाचा काठावर. त्यात त्याची बायको, एक पाय अधांतरी, डबा छातीशी. तिने पाय मागे घेतला. कोणी पडलं नाही.

हाच त्याचा गुन्हा ठरला. एक जण जरी पडला असता तरी दिव्यांची गरज सिद्ध झाली असती. आता सिद्ध झालं ते इतकंच की ऐन रंगात आलेलं ग्रहण एका कर्मचाऱ्याने बायकोपायी नासवलं. दिव्यांच्या झगझगाटात चंद्र फोटोत फिका आला. तिथल्या तिथे तक्रार लिहिली गेली, हातोहात फिरली आणि दुसऱ्या दिवशी तो निलंबित झाला.

"बरं झालं," बायको म्हणाली. "आता रोज आठला न्यायला या."

गावाला मात्र हक्काचा पूर्वदाखला मिळाला: दिवे लावले, जनता संतापली. यापुढे प्रत्येक ग्रहणाला अंधाराची हमी आहे.

तक्रारीवरची पहिली सही ज्याची, त्याच्या दोन्ही टाचा खड्ड्यावर होत्या. सही तुमचीच आहे. रात्रभर वर बघत होतात. खाली बघितलंत ते तेवढ्या सहीपुरतं.