सिद्रामप्पांची डॉक्युमेंटरी

आमचे शेजारी सिद्रामप्पा समोरच्या माणसाकडे बघून बोलत नाहीत. ते बघतात त्याच्या डाव्या खांद्याच्या टीचभर पलीकडे. डोळ्यांत दोष म्हणाल तर अजिबात नाही. दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, आणि समोरच्या इमारतीत कुणाच्या दोरीवर कुणाचा टॉवेल वाळतोय हे ते आपल्या खिडकीतून सांगतात. पण डॉक्युमेंटरीत माणसं अशीच बोलतात ना! खुर्चीवर तिरकं बसायचं, कॅमेरा सोडून भलतीकडेच बघायचं, मध्येच थांबून पाण्याचा घोट घ्यायचा. अप्पांनी ही ढब अशी उचलली की आता मेथी घेतानाही ती सुटत नाही. दारावर शमीमआपा भाजीची गाडी घेऊन येते. तिच्या खांद्यापलीकडे बघत अप्पा खोल आवाजात विचारतात, "त्या दिवशी... मेथी कशी दिली होती?"

सुरुवातीला ती बिचारी मागं वळून बघायची. आता सरळ सांगते, "अप्पा, मैं इधर हूं, इधर!"

अप्पा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसायचं, हातात झेंडी, पुढं लांबच लांब गाडी. "सगळी दुनिया पुढं जाती, मग आमी जातो," असं ते स्वतःच सांगतात. कधी वाडी जंक्शनला, कधी दौंडला, कधी कुर्डुवाडीला साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, पडून. घरी कधी येतील आणि कधी जातील याला धरबंध नव्हता. निवृत्त झाले, घरात बसले, बायकोबरोबर, म्हणजे महानंदाकाकूंबरोबर, दुपारचा चहा प्यायची सवय लागते न लागते तोच काकू गेल्या. बेंगळुरूच्या मुलानं करमणुकीसाठी भिंतभर टीव्ही आणून लावला. मालिका अप्पांना पसंत पडेनात, कारण त्यात कुणी कामावर जातच नाही. मग त्यांना सापडल्या डॉक्युमेंटऱ्या, थोरामोठ्या आणि चक्रम माणसांच्या.

रविवारी दुपारी मीही जातो. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे बेटं, हिमनद्या वगैरे दिसल्या की मला चार शब्द बोलावेसे वाटतात आणि अप्पा मला गप्प करतात. एक बाई आयुष्यभर गोगलगायींच्या मागं फिरली. एक आंधळा म्हातारा घड्याळं दुरुस्त करायचा. असलं काही बघताना माझं एक होतं. तास-दीड तास मला मनापासून वाटतं की आपण जन्म फुकट घालवला. मग चहा येतो आणि ते वाटणं जातं.

अप्पांचं तसं नाही. त्यांना थोर माणसाच्या थोरपणाशी काही देणंघेणं नसतं. बर्फात एकटाच राहणारा माणूस दाखवला की यांचा पहिला प्रश्न, "एकटा हाय, तर शूटिंग कोन करतंय?"  खरं तर ते वाट बघत असतात खुर्चीवरच्या माणसांची. म्हणजे त्या थोर माणसाचा भाऊ, शेजारीण, न्हावी. ती बोलायला लागली की अप्पा पुढं सरकून बसतात.

एकदा आम्ही एका बेटावरच्या माणसाची फिल्म बघत होतो. त्यानं म्हणे उभा जन्म समुद्रपक्षी सांभाळले. मी पक्षी बघून डोळे पुसत होतो. तेवढ्यात त्याला किराणा पोचवणारा नावाडी खुर्चीवर आला आणि म्हणाला, "तो फुटकी बिस्किटं आधी खायचा. अख्खी पाहुण्यांना ठेवायचा. पाहुणा कधी आलाच नाही."

अप्पांनी फिल्म तिथंच थांबवली.

"सर, आमची महानंदा बिस्किट कसं खायची?"

"म्हणजे?"

"बुडवून का कोरडं? मला म्हाईत न्हाय की. मी तवा गाडीवर, भिगवणच्या पुढं असायचो." पाण्याचा घोट घेऊन ते माझ्या खांद्यापलीकडच्या कॅलेंडरला म्हणाले, "मी महानंदावर डाक्युमेंट्री काडनार."

मी जरा चाचरलो. काकू म्हणजे हळू बोलणारी, हळू चालणारी बाई. जिन्यात भेटल्या की पदर सारखा करून बाजूला व्हायच्या. त्यांच्यावर फिल्म? मी म्हटलं, "अप्पा, पण काकूंनी तसं काही..."

"काय केलं न्हाय. म्हनून तर लोकान्ला इचारायचं."

"लोक काय, चांगल्या होत्या म्हणतील."

"चांगली तर गावाकडं आमची म्हैसबी हुती," अप्पा म्हणाले. "तिच्यातलं कायतरी सांगा म्हनावं. ती हसायची का हो? माज्यापुडं मोठ्यानं हसल्याली मला आठवना. सुखात हुती का न्हवती, आता कुनाला इचारू?"

इतका वेळ मला सगळी गंमतच वाटत होती. हे ऐकून मात्र मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

दुसऱ्या दिवसापासून शूटिंग सुरू. खिडकीशी खुर्ची, शेजारी पाण्याचा पेला. स्टुलावर उलटं पातेलं, त्यावर तांब्याला टेकवून उभा केलेला मोबाईल. पडदा अर्धा ओढलेला, कारण "उजेड येकाच गालावर पडला पायजे." तांब्या घरंगळला की मुलाखत थांबायची.

पहिले आले सोसायटीचे चेअरमन क्षीरसागर, सफारी घालून. तिरके बसले आणि आपलं बालपण सांगू लागले. अनवाणी शाळा, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, सगळं. शेवटी स्वतःच गहिवरून रुमाल काढला. अप्पा अक्कलकोटकडचे, वैतागले की कानडीवर येतात. "साकु, साकु!" म्हणजे पुरे, पुरे, म्हणत त्यांनी हात वर केला. "हे तुमचं झालं. महानंदाचं सांगा."

क्षीरसागर बराच वेळ विचार करून म्हणाले, "फार चांगल्या होत्या."

मग शमीमआपा. ती लाजली, पेलाभर पाणी एका दमात प्यायली आणि म्हणाली, "बहोत अच्छी थी काकू. कोथिंबीर फुकट नहीं मांगती थी."

अप्पा खुर्चीतून उठलेच. "का? का मागत न्हवती?"

"वो मेरेकू क्या मालूम, अप्पा?"

आठवडाभरात अख्ख्या इमारतीतून एवढंच हाती लागलं. अप्पा ओट्याशी उभे राहून मला म्हणाले, "सर, येवडा संसार केला बाईनं. मागं काय र्‍हायलं, तर फुकट न मागितल्याली कोथिंबीर?" त्या दिवशी ते चक्क माझ्याकडे बघून बोलले. मला ते सहन होईना.

घरी येऊन वनिताला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती त्या खुर्चीवर बसायचं टाळत होती. एकदा म्हणे डोकं दुखतंय, एकदा म्हणे पाणी यायचा दिवस आहे. हातातल्या शेंगा परातीत टाकून ती म्हणाली, "मला माहीत आहे काकू कशा होत्या. पण अप्पांना कसं सांगू? राग येईल त्यांना."

"असं काय आहे?"

"काकू नकला करायच्या."

"कुणाच्या?"

"अप्पांच्या."

 त्या बाईच्या तोंडून मी 'बरंय का' यापलीकडे शब्द ऐकला नव्हता. वनिता मात्र ठरवून टाकल्यासारखी उठली, कपाटातून एक हिरवा ब्लाऊजपीस काढला आणि दुसऱ्या दुपारी तो घेऊन अप्पांच्या दारात उभी राहिली. मीही मागोमाग गेलो.

"बसा वैनी, खिडकीकडं त्वांड करून," अप्पा म्हणाले.

"बसून नाही जमणार. करून दाखवावं लागेल."

आणि तिनं दाखवलं. आधी दारात थांबून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, हात वर केला, मगच उंबरा ओलांडला. आमटीची वाटी तोंडाला लावल्यासारखं करून डोळे मिटले आणि निकाल दिला, "मीठ हाय. पन येळंवर पडल्यालं न्हाय." मग दिवाणावर उताणी पडून घोरायला लागली. घोरता घोरता अचानक हात ताठ वर गेला, हिरवा ब्लाऊजपीस डावी-उजवीकडे हलला, तोंडातून बारीक शिट्टी निघाली, हात खाली, कूस बदलली, पुन्हा घोरणं सुरू.

मी फिस्सकन हसलो, आणि अप्पांच्या चेहऱ्याकडे नजर जाताच घाबरून थांबलो. ते काठी गिळल्यासारखे ताठ बसले होते.

"झोपंत झेंडी दावतो मी?"

"रोज," वनिता उठून बसत म्हणाली. "काकू म्हणायच्या, 'ह्यांनी हिरवा दावल्याबिगर मला कूसबी बदलता येत न्हाय.' आम्ही चार-पाच जणी शेंगा फोडायला बसायचो ना इथं, हसून हसून आडव्या व्हायचो."

"अन् ती? ती हसायची?"

"सगळ्यांत जास्त. डोळ्यांतनं पाणी यायचं त्यांच्या."

"कवा व्हायचं हे? मी कुटं असायचो?"

वनिता थोडी घुटमळली. "आतल्या खोलीत. गाडीवरून आलात की झोपायचात तुम्ही. काकू आम्हाला दटावायच्या, 'हळू हसा गं, झोपमोड हुईल.' मग सगळ्या पदर तोंडात कोंबून हसायचो."

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. वनितानं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, चुकलंच आपलं. मलाही तसंच वाटलं. आतून खाट करकरल्याचा आवाज आला.

मग दाराआडून अप्पांची हाक आली.

"वैनी, परत करा. अन् मोठ्यानं हसा दोगंबी. मी जागा हाय."