भिंतीपलीकडचा नैसर्गिक अधिवास

माणूस निसर्गापासून दुरावला आहे आणि पुन्हा निसर्गाजवळ गेल्याशिवाय त्याचे भले होणार नाही, याबद्दल जाणकारांत आता दुमत उरलेले नाही. मतभेद आहेत ते फक्त किती जवळ, एवढ्यापुरतेच.

शहरापासून दूर, माळरानावर वसलेल्या बंगल्यांच्या वसाहतीने हा प्रश्न कायमचा निकालात काढला होता. वसाहतीच्या सेक्रेटरींनी (नोकरीतून निवृत्त, साहेबीतून नव्हे) सर्प-सहजीवनाची नियमावली जातीने तयार केली होती. साप मारायला सक्त मनाई होती. कुणाच्या बंगल्यात साप निघाला की सेक्रेटरी लांब दांड्याचा चिमटा घेऊन हजर होत, साप झाकणाच्या पिंपात घालत, पिंपासह फोटो काढून घेत (सेक्रेटरींचे डोळे मिटलेले आल्यास दुसरा) आणि मग त्याला सन्मानपूर्वक नैसर्गिक अधिवासात सोडत. नैसर्गिक अधिवास म्हणजे मागच्या भिंतीपलीकडे. तिथे झुडपे होती, फुटक्या विटांचा ढीग होता आणि माळ्याच्या दोन खोल्या होत्या. पैकी खोल्या वसाहतीच्या नकाशात नसल्याने त्यांचा विचार करण्याचे कारण नव्हते.

मोहीम कमालीची यशस्वी ठरली. पकडलेले शंभर टक्के साप निसर्गात परतले. त्यांतले किती माळ्याच्या खोलीत शिरले याची आकडेवारी ठेवलेली नाही, कारण खोली माळ्याची होती.

माळ्याची बायको सेक्रेटरींकडे धुणीभांडी करी. एकदा हात पुसता पुसता ती म्हणाली, "साहेब, आम्ही खाली झोपतो. रोज काही ना काही वळवळत असतं. तुमच्या गॅरेजात ती लोखंडी खाट नुसतीच पडलीय. पावसाळ्यापुरती दिली असती तर..."

सेक्रेटरींना कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नसे. म्हणून त्यांनी विषय समितीपुढे ठेवला. चर्चा सखोल झाली. खाटेमुळे माणूस आणि जमीन यांच्यात अंतर पडते, असे एकाने निदर्शनास आणले. आज खाट दिली तर उद्या गादी मागतील, असे दुसऱ्याने (त्याची गादी परदेशी होती) बजावले. शेवटी खाटेऐवजी जनजागृती करावी असे एकमताने ठरले, आणि माळ्याच्या खोलीत, अंथरुणाच्या बरोबर वर, 'घाबरू नका, साप आपला मित्र आहे' असे रंगीत पोस्टर लावण्यात आले. सेक्रेटरींनी ते स्वतः चिकटवले आणि कोपरे दाबून दाबून पाहिले.

त्याच आठवड्यात विषारी मण्यार माळ्याच्या बायकोच्या अंथरुणात शिरली आणि तिला चावली. पोस्टरवरच्या सूचनेप्रमाणे बाई अजिबात घाबरली नाही. ती झोपेत होती. सकाळी तिच्या पापण्या उघडेनात, तेव्हा माळ्याने तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मागितली असती तर गाडी नक्की दिली असती, असे नंतर सगळ्यांनीच सांगितले.

बाई वाचली. परत आली तेव्हा पायरी चढताना भिंत धरत होती.

"अहो, आता तरी ती खाट देऊन टाका," सेक्रेटरींची बायको म्हणाली.

"द्यायला माझी ना नाही गं. पण आत्ता दिली, तर आधीच द्यायला हवी होती असा अर्थ निघतो."

सेक्रेटरींना वाईट वाटत होते. खरोखरच वाटत होते, जेवण जात नव्हते. पण वाईट वाटणे ही एक गोष्ट आणि खाट ही दुसरी.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या चपलांच्या कपाटात साप निघाला. संध्याकाळी ते पिंप घेऊन भिंतीपाशी गेले. पलीकडे माळ्याची बायको अंथरूण झटकत होती. एक चादर झटकायची, थांबायचे, दम घ्यायचा, मग दुसरी. सेक्रेटरींचा पाय अडखळला. पिंप हातात जड झाले. मग माणुसकीच्या नात्याने, नियमावलीत नसतानाही, ते चार पावले बाजूला सरकले.

"साप सोडतोय हं. जरा जपून."

"बरं साहेब," पलीकडून आवाज आला.

सेक्रेटरींनी पिंप उपडे केले, घरी येऊन हात धुतले, आणि त्या रात्री त्यांना जेवण गेले.

वाचकांपैकी ज्यांना सेक्रेटरींचा राग आला असेल त्यांचे अभिनंदन. रागावताना पाय वर घेण्याची गरज नाही. तुमच्या घरातला साप कुणीतरी केव्हाच भिंतीपलीकडे नेऊन सोडला आहे, आणि तिकडून अजून तरी तक्रार आलेली नाही.