प्रमिलाबाईंनी सेटिंग झाडली

दिवाळीच्या सफाईत प्रमिलाबाईंनी माळा झाडला, फडताळ पुसलं आणि अंगात अजून जोर शिल्लक होता म्हणून दुपारी वेबसाइटही झाडून काढली.

पिपरी मेघेतून त्या सेवाग्रामच्या दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना डबे पाठवत. वेबसाइट त्यांच्या भाच्यानं, रोशननं बनवली होती. थाळीत काय असेल, ऑर्डर आल्यावर गिऱ्हाइकाला कोणता मेसेज जाईल, हे सगळं त्यानं डेटाबेसमध्ये ओळीओळीनं मांडलं होतं. मावशीनं ओळ बदलली की साइट बदलायची, रोशनला बोलवायची गरज नाही.

तरी तो रोज यायचाच. ऑर्डरी सांभाळणारी छाया खिडकीशी बसे. तिच्या वेणीवर ऊन उतरलं की रोशनला आपण कशाला आलो तेच आठवत नसे. तिला एकदा जेवायला बोलवावं, एवढं एकच वाक्य वर्षभर त्याच्या ओठांवर होतं. दर वेळी तो कॉम्प्युटरची वायर हलवून बघायचा आणि घरी जायचा.

त्या दिवशीही तो असाच वायर धरून उन्हाकडे बघत होता. छायाचा फोन वाजला.

"पुरणपोळीवर तूप वेगळं देता का?"

छाया चक्रावली. "पुरणपोळी? आपल्या थाळीत पोळी, वरण, भात असते जी."

"तुमच्या साइटवर तर पुरणपोळी अन् कोथिंबिरीची सांबारवडी दिसून राह्यली!"

फोन ठेवला तर दुसरा, तोही पुरणपोळीचाच. रोशन भानावर आला.

"मावशी, तू सेटिंगले हात लावला का?"

"झाडली. 'शेवटचा बदल' म्हनून तारीख दिसते ना तिथं? ज्या ओळीले वर्षभर कोनी हात नाई लावला, ते काढून टाकली. न लागनारे डबे मी घरात ठेवत नाई, तिथं काऊन ठेवू?"

पोळी-वरण-भाताची ओळ कोणी कशाला बदलेल? आणि ओळ सापडली नाही, तर साइट उपाशी राहू नये म्हणून त्यानं प्रोग्राममध्येच पर्यायी मजकूर भरून ठेवला होता. एका रविवारी, भुकेल्या पोटी, डोळे अर्धे मिटून, मनात येईल ते. नंतर बदलू म्हणून राहिलं ते राहिलंच. थाळीच्या जागी त्यानं काय लिहिलं होतं ते आता कळलं. मेसेजच्या जागी काय लिहिलं होतं ते आठवलं, आणि तो छायाचा फोन घ्यायला धावला.

तोवर छायानं फोन स्पीकरवर टाकला होता.

"कारंजाचा रूपराव बोलून राह्यलो. माही बुढी, म्हंजे बायको, दवाखान्यात हाय, म्हनून माह्यासाठी डबा सांगतला. तं तुमचा मेसेज आला, 'छाया, एक दिवस माझ्यासोबत जेवशील का?' बाई, मी छाया नाई. पन बुढीले इचारून येतो. कधी येऊ जेवाले?"

कुकरची शिटी झाली. छायानं रोशनकडे पाहिलं. रोशननं वायरीकडे पाहिलं.

"मी... ते बंद करतो," तो पुटपुटला.

"काई बंद नाई करत," प्रमिलाबाई कडाडल्या. "दवाखान्यातल्या लोकाईले पुरनपोळी कबूल झाली, आता नाई कसं म्हनू? चल, पुरन वाट. ओळी छाया भरते, तिले पाठ हायेत."

रोशन पुरण वाटत बसला. गूळ-वेलचीच्या वासानं घर जड झालं होतं, डोळे आपोआप मिटत होते. मागून कीबोर्डचा आवाज येत होता. ती उद्यापासून येईल का? बहुतेक नाही. वर्षभराचं वाक्य अर्ध्या दवाखान्याला कळलं, आणि सांगायचं होतं तिला तेवढं सांगितलंच नाही, या विचारानं त्याला रडूच आलं. पुरण मात्र छान मऊ झालं.

डबे गेले. प्रमिलाबाई पदरानं चष्मा पुसत कॉम्प्युटरपुढे बसल्या. सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या. खाली एक जास्तीची होती.

"रविवारचा डबा, दोघांचा," त्यांनी वाचलं. "हे कोनाचं? आपन रविवारी डबेच देत नाई." आणि बोट फुलीकडे नेलं.

रोशननं पुरणाच्या हातानंच त्यांचं मनगट धरलं. "राहू दे, मावशी!"

प्रमिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग छायाकडे. ती खिडकीबाहेर, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं तिथं, मन लावून बघत होती. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

"बरं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पन सांगून ठेवतो, वर्षभर कोनी हात नाई लावला, तं काढून टाकीन."